टेलच्या खोलीतला टीव्ही

आमचे जुने पळसदेव उजनी धरणाच्या फुगवट्यात गेले. गाव उठून पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला आले, पळसनाथाचे देऊळ मात्र तिथेच राहिले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आधी शिखर दिसते. दुष्काळी वर्षी सगळे देऊळ उघडे पडते. आई नव्वदीकडे झुकलेली. चिखल तुडवत तिला तिथवर नेणे आता शक्य नाही. म्हणून मागच्या वर्षी मे महिन्यात नातवाने तिच्या खोलीतल्या टीव्हीवर कुणीतरी ड्रोनने टिपलेले देवळाचे चित्रण लावून दिले. शिखर आले, मंडप येऊ लागला, आणि चित्र थांबून मधोमध गोल चक्र फिरू लागले.

"आरं, देऊळ आडाकलं बग," आई म्हणाली.

नातू तेव्हा पुढच्या खोलीत खेळाच्या यंत्रावर नवा गेम उतरवत होता. इंटरनेट पुरवणाऱ्यांना फोन केला, तर त्यांनी मोठी योजना घ्यायला सांगितले. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला असे उत्तर पुरत नाही. पैसे भरण्याआधी मी हिशेब तपासायला बसलो.

घरात येणारी तार काचेची. कंपनीच्या यंत्राकडून निघालेला एक धागा वाटेतल्या छोट्या डबीत, विजेशिवाय, ३२ किंवा ६४ घरांसाठी फुटतो. या प्रचलित पद्धतीत त्या सगळ्यांना मिळून खाली येणारा प्रवाह सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट असतो. त्यातले आमच्या योजनेचे ३० मेगाबिट. घराला बाहेरचा पत्ताही एकच, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगात जेमतेम ४.३ अब्ज आहेत. राऊटर आतल्या प्रत्येक यंत्राला खासगी पत्ता देतो आणि कुणाचे पाकीट बाहेर गेले, उत्तर कुणाला द्यायचे, याची नोंदवही ठेवतो. वाड्याचा पत्ता एक आणि बिऱ्हाडे पाच, तसेच हे. ही युक्ती १९९४ साली तात्पुरती म्हणून मांडली गेली होती. आपल्याकडच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शेडसारखी ती अजून उभी आहे.

माझा पहिला संशय भिंतींवर होता. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, आणि तीन भिंतींपलीकडचे यंत्र हळू बोलते म्हणून सगळ्यांचाच वेळ खाते. तेव्हा जी यंत्रे जागची हलत नाहीत त्यांना तारच बरी. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. मला वीस मीटर पुरली. पाच तोंडांचा स्विच आणून टीव्ही आणि खेळाचे यंत्र दोन्ही तारेवर घेतले. (स्विचऐवजी घरातला जुना राऊटर जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो तसाच जोडला तर घरात दुसरे घर तयार होते आणि फोनला टीव्ही सापडेनासा होतो.) एवढे करूनही गेम उतरायला लागला की देऊळ अडकायचेच.

दोष तारेत नव्हता, वाटपात होता. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात आणि शेजारच्या प्रयोगशाळेत, जेमतेम चारशे यार्डांवर, जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर १९८८ साली उपाय मांडला: वाटेत पाकिटे हरवू लागली की पाठवणाऱ्याने आपणहून हात आखडता घ्यायचा. त्यावर आजचे इंटरनेट उभे आहे. पण यात वाटणी साधारणपणे जोडणीमागे होते, माणसामागे नाही. गेम उतरवणारे यंत्र एका वेळी आठ जोडण्या उघडते आणि टीव्ही एकच, असे धरा. तीस मेगाबिटांचे नऊ वाटे झाले. आईच्या वाट्याला ३.३ मेगाबिट, आणि स्वच्छ चित्राला लागतात सुमारे पाच. चारीत ज्याचे पाइप जास्त त्याच्या रानात पाणी जास्त, हे आमच्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

याहून विचित्र गोष्ट रांगेची. साठा मोठा तेवढा चांगला, हे आम्ही धरणाकडून शिकलो. ११७ टीएमसीच्या उजनीसाठी गावे दिली. इंटरनेटच्या वाटेवरच्या यंत्रांत मात्र पाकिटे साठवण्याची जागा मोठी असली की घात होतो. हौद भरून सांडेपर्यंत पाकीट हरवत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला थांबायची खूण उशिरा मिळते, आणि तोवर आईचे पाकीट गेमच्या पाकिटांमागे तिष्ठत राहते. जिम गेटिस यांना २०१० साली हा रोग स्वतःच्या घरातच सापडला. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तेच जेकबसन यांनी सुचवले की हौद किती भरला ते पाहू नका, पाकीट रांगेत किती वेळ थांबले ते मोजा.

नीरा डाव्या कालव्यावर शेजपाळी असते. कागदावर पाळी टेलकडून सुरू करायची, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचेल. प्रत्यक्षात हेडचे लोक काय करतात ते पाटकऱ्याला विचारावे. राऊटरमधला पाटकरी मात्र सांगितलेले ऐकतो. २०१८ साली लिनक्समध्ये 'केक' नावाची पद्धत आली. ती आधी यंत्रांमध्ये समान वाटे करते आणि मग त्या यंत्राच्या जोडण्यांमध्ये. आठ पाइप टाकले तरी वाटा एकाचाच.

कंपनीच्या डब्यात ही सोय नव्हती, म्हणून वेगळा राऊटर घेतला. त्यात वेगाची मर्यादा तीसऐवजी २७ ठेवली. हे सुरुवातीला मलाच पटेना: पैसे तीसचे भरायचे आणि तीन आपल्याच हाताने सोडायचे? पण रांग सगळ्यात अरुंद जागी लागते. ती जागा कंपनीकडे राहिली तर तिथली पाळी आपल्या हातात नसते. आपल्या घरात आणली तर असते. आता आईच्या टीव्हीला साडेतेरापर्यंत हक्क आहे. ती पाचच वापरते, उरलेले बावीस गेमला जातात. नातवाचा ५० गिगाबाइटचा गेम पूर्वी पावणेचार तासांत उतरायचा, आता पाच लागतात. "आजोबा, तुम्ही माझं नेट कापलंत," ही त्याची तक्रार खरी आहे.

यंदाच्या मे महिन्यात गेम उतरत असतानाच आईने देऊळ पुरे पाहिले. मंडपाच्या डावीकडे, पडद्याच्या कडेशी, तिने बोट ठेवले. "हितं आपलं घर." तिथे पाणीच होते.