हिशेबाची शवचिकित्सा : आर्थिक अपहार आणि फॉरेन्सिक लेखाशास्त्र

न्यायवैद्यकशास्त्र आपल्या डॉक्टर मंडळींना नवे नाही. मृत्यू संशयास्पद असला की शवविच्छेदन होते आणि देहावरील खुणांवरून मृत्यूचे कारण न्यायालयापुढे मांडले जाते. हिशेबाच्या वह्यांच्या बाबतीत हेच कार्य करणारे शास्त्र म्हणजे फॉरेन्सिक लेखाशास्त्र. वार्षिक लेखापरीक्षक निवडक नोंदी तपासून ताळेबंदावर आपले मत देतो. फॉरेन्सिक तपासनीस मात्र समोरचा कागद खोटा असू शकतो, हे गृहीत धरूनच कामास आरंभ करतो आणि त्याचा निष्कर्ष न्यायालयात टिकावा लागतो.

विषयाचे मूळ जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोषातील अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. अमेरिकेत १९३१ साली अल कपोन या कुप्रसिद्ध गुंडाला ११ वर्षांची शिक्षा झाली, ती खून वा मारामारीसाठी नव्हे, तर प्राप्तिकर चुकविल्याबद्दल. त्याला अडकविले हिशेबाच्या वह्यांनी.

अपहार का घडतो?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अपहाराबद्दल तुरुंगात गेलेल्या माणसांचा अभ्यास केला. त्यातून पुढे ‘अपहाराचा त्रिकोण’ ही कल्पना रूढ झाली. कुणालाही सांगता न येणारी पैशाची अडचण, हाती असलेली संधी आणि ‘मी हे परतच करणार आहे’ अशी मनाची समजूत, या तिन्ही बाजू जुळल्या की अपहार घडतो. यातील अडचण आणि समजूत दुसऱ्याला दिसत नाहीत. संधी मात्र आपणच देतो, म्हणून ती आपणच काढून घेऊ शकतो.

पीएमसी बँकेचे प्रकरण

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या १३७ शाखा होत्या, त्यांपैकी शंभरावर महाराष्ट्रात. ठेवी ११,६०० कोटी रुपयांहून अधिक. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढता येतील असे जाहीर झाले. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. परंतु उपचार, शिक्षण, लग्नकार्य यांसाठी ठेवलेला पैसा अडकला तो अडकलाच.

रोग आत कसा दडला होता? बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती. नागरी सहकारी बँकेने एका समूहाला किती कर्ज द्यावे याची मर्यादा तेव्हा भांडवली निधीच्या ४० टक्के होती. हे अतिरेकी कर्ज झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखात्यांची यादी तपासणीसाठी पुढे करण्यात आली, असे पोलिसांकडील तक्रारीत नमूद आहे. ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हतीच. ती होती फक्त यादीत.

यादी आणि मूळ नोंद शेजारी ठेवली असती, तर दोन्हींचा मेळ बसत नाही हे दिसले असते. फॉरेन्सिक लेखाशास्त्राचा गाभा हाच : कागद कागदाशी ताडून थांबायचे नाही, तो वस्तुस्थितीशी ताडायचा.

तपासणीची साधने

माल खरोखर गोदामात आहे का, कर्जदार त्या पत्त्यावर राहतो का, शिल्लक रकमेची पुष्टी थेट बँकेकडून आली का, हे तपासनीस स्वतः पाहतो. सत्यम कंपनीच्या प्रकरणात, जे ७ जानेवारी २००९ रोजी उघड झाले, बँकांतील हजारो कोटींची शिल्लक केवळ कागदावर होती. आकड्यांचीही नाडी पाहता येते. बेनफर्डच्या नियमानुसार, स्वाभाविकपणे जमलेल्या मोठ्या आकडेवारीत सुमारे ३० टक्के संख्यांचा पहिला अंक १ असतो आणि ९ हा अंक ५ टक्क्यांहूनही कमी वेळा येतो. मनाने रचलेले आकडे सहसा हे प्रमाण पाळत नाहीत. अर्थात हे लक्षण होय, निदान नव्हे.

आपण काय करावे?

धार-देवासच्या पवारांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या समाजाला पेढी, पतसंस्था, सहकारी बँक यांचा परिचय जुना आहे. विश्वासही जुना आहे. तो असावा, पण डोळस असावा. बँकठेवींवरील विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. ती एका बँकेतील सर्व शाखांत मिळून, मुद्दल आणि व्याज धरून आहे. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही. पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा ५ लाखांवरील रकमेसाठी ठेवीदारांना १० वर्षांपर्यंतची मुदत स्वीकारावी लागली. म्हणून आयुष्याची सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये आणि जास्त व्याजाचे कारण विचारल्याशिवाय सही करू नये.

दवाखान्यातही हेच पथ्य. पैसे घेणारा आणि वही लिहिणारा एकच नसावा. पावतीपुस्तकाला अनुक्रमांक असावेत, एखादा क्रमांक गळाला तर त्याच दिवशी विचारणा व्हावी. बँक जुळवणी पत्रक दरमहा डॉक्टरांनी स्वतः पाहावे. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवू नये. वर्षानुवर्षे रजा न घेणाऱ्या हिशेबनिसाला आठवडाभराची सुटी द्यावी आणि त्या काळात काम दुसऱ्याकडे सोपवावे. यात अविश्वास नाही. प्रामाणिक माणसाचे रक्षणही यानेच होते.

शवचिकित्सेने मृत्यूचे कारण कळते, रुग्ण परत येत नाही. नियमित तपासणीचे महत्त्व डॉक्टरांना निराळे सांगावयास नको. ते हिशेबाच्या वहीलाही लागू करावे, एवढेच.