आधी गळा, मग बेंजो

मिरवणुकीत बेंजो वाजवणाऱ्या पोरांपुढे कधी कागद दिसत नाही. सिनेमा लागतो न लागतो तोच त्यातलं गाणं रस्त्यावर वाजू लागतं. ते यांच्या बोटांत इतक्या लवकर येतं कसं, या कुतूहलापोटी मी लालबागच्या एका चाळीत तालमीला जाऊन बसू लागलो.

तळमजल्यावरच्या त्या खोलीत शिरलं की आधी शिलाई मशीनच्या तेलाचा वास येतो. पावसाळी हवेत बटणं अडकू नयेत म्हणून बेंजोला ते तेल देतात. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल बँजो नव्हे. नागोयाच्या गोरो मोरितांनी १९१२ साली टाइपरायटरसारखी बटणं बसवून ‘ताइशोगोतो’ तयार केलं. आपल्याकडे त्याचं बुलबुलतरंग झालं आणि मुंबईच्या पोरांनी ते ॲम्प्लिफायरला जोडून रस्त्यावर आणलं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. एवढं कुणालाही संध्याकाळभरात जमतं.

पुढचं जमत नाही. “चाळीस गाणी पाठ झाली की पोरगं मिरवणुकीच्या गाडीवर चढतं,” असं तालीम घेणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दिवसा ते एका गोदामात माल मोजतात, त्यामुळे आकड्याशिवाय बोलत नाहीत. चाळीसच का, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

नववीतला एक मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. मास्तर मोबाइलवर एका कोळीगीताचा मुखडा लावतात. मुलाचा हात बेंजोकडे जातो, तोच ओरडा: “हात काढ! आधी गा.” बिचाऱ्याचा आवाज नुकताच फुटलेला. वरचा सूर लावायला जातो आणि मध्येच चिरकतो. बाकीची पोरं फिदीफिदी हसतात. मास्तर हसत नाहीत. “गळा बेसूर झाला तरी चालेल, पण आपण कुठं चुकलो ते कानाला कळलं पाहिजे. कळलं का?” मुलगा मान हलवतो. “कळलं, मास्तर. शेवटचा खाली गेला.” तेव्हा कुठे त्याला वाद्याला हात लावायला मिळतो.

मग सा शोधायचा. गाणं फिरून फिरून कुठं टेकतं ते बघायचं, त्या सुराचं बटण सापडलं की बाकीचे सूर त्याच्या आजूबाजूला चाचपायचे. मुखडा, अंतरा, मधलं म्युझिक. खरी मेख पुढे आहे. गायिका एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. बटणांच्या या वाद्यावर तशी मींड निघत नाही. तिनं लांबवलेला सूर तारेवर क्षणात विरतो. म्हणून नखी झरझर फिरवून सूर जिवंत ठेवायचा आणि मींडेच्या जागी मधली बटणं ओझरती दाबत जायचं. म्हणजे जे ऐकलं ते वाजवायचंच नसतं. ऐकणाऱ्याला तेच वाटेल असं दुसरं काहीतरी वाजवायचं असतं. पुस्तकातल्या सरगमीत हे कुठे लिहिणार?

मुलं मोबाइलवर गाण्याची गती कमी करून अवघड जागा ऐकतात. मास्तरांना ते खपत नाही. त्यांचा हा हट्ट मला पटला नाही. त्यांच्या लहानपणी तेही कॅसेट मागे नेऊन नेऊन ऐकायचेच की!

पण तालमीचा शेवटचा भाग पाहिला आणि मास्तरांबद्दलचा आदर वाढला. दोन कच्छी ढोल आणि एक ताशा त्या मुलाच्या अगदी कानाशी उभे केले. स्पीकरचं तोंड दाराबाहेर फिरवलं, त्याच्यापुढे रेकॉर्डिंगला मोबाइल ठेवला. “आता वाजव.” ढोल सुरू झाले आणि मला माझा श्वासही ऐकू येईना. मुलगा बटणांकडे टक लावून वाजवत होता, ओठ हलत होते. तो मनात गात होता. गाडीवर असंच असतं. कानानं शिकायचं आणि जिथं कान उपयोगाचा नाही तिथं वाजवायचं. नंतर सगळ्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. अंतऱ्यात एक बटण चुकलं होतं, लय कुठे सुटली नव्हती. “सव्वीस,” मास्तर म्हणाले. चाळिसातलं सव्विसावं.

घरी आल्यावरही शर्टाला तेलाचा वास येत होता.

बेंजोवाल्यांना ‘नुसते कानसेन’ म्हणून हिणवणारे संगीतातले जाणकार मला ठाऊक आहेत. त्यांनी एकदा ताशाशेजारी उभं राहून साधी आरती वाजवून दाखवावी. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती: यंदा बेंजोची सुपारी देताना एक लहानसा स्पीकर वाजवणाऱ्यांच्या दिशेनं तोंड करून लावायला सांगा. त्यांनाही त्यांचं गाणं ऐकू येऊ द्या.