माणदेशचा रोजगार आणि आपली मदत

उदार दात्यांस विनंती कीं, माणदेशास मदत धाडण्यापूर्वीं तेथील माणसाचें पोट आतां कशावर चालतें हें लक्षांत घ्यावें. माण, आटपाडी, सांगोला, जत हा पर्जन्यछायेंतील विरळ वस्तीचा मुलूख; पाऊस वर्षाकाठीं सुमारें वीस इंच, आणि तोही बेभरंवशाचा. पूर्वीं जोंधळा-बाजरी, मेंढरें व खिलार जनावरें यांवर घर चाले. पीक बुडालें कीं धनगर मेंढरें घेऊन दूरदेशीं जाई व कुणबी दुष्काळी कामावर खडी फोडी.

पुढें घरोघरचे कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. १९८२ सालच्या संपानंतर तो आधार तुटला. आटपाडी-खानापुराकडील तरुण सोनें-चांदी गाळण्याच्या, ज्यास तिकडे गलाई म्हणतात, त्या धंद्यांत शिरून देशभरच्या सराफ पेठांत पसरले. कित्येक कुटुंबें ऊसतोडीस जातात. उपसा योजनेचें पाणी पोंचलें तेथें डाळिंबाच्या बागाही झाल्या. पण सातबाऱ्यावर ज्याचें नांव तो गांवीं सांपडत नाहीं; आम्हां वकिलांस हें समन्स परत आलें म्हणजे कळतें!

दुष्काळीं कामाची तरतूद कायद्यानें झाली आहे. श्री. वि. स. पागे यांच्या तासगांव तालुक्यांतील प्रयोगांतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रभर पसरली. तिचा कायदा १९७७ सालीं होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. तिच्याकरितां व्यापारी व नोकरदार यांजवर व्यवसायकर बसला. तेव्हां वाचकांपैकीं बहुतेक जण या कामीं आधींच वर्गणीदार आहेत.

परंतु काम मिळतें तें धडधाकट प्रौढास. गांवीं मागें राहिलेलीं म्हातारीं माणसें खडी कशी फोडणार? त्यांच्या हातीं एखादी गाय वा चार शेळ्या, आणि परगांवाहून येणारी मुलाची मनिऑर्डर. ती आतां बँकेंत जमा होते, इतकाच फरक. पैशानें धान्य मिळतें. वैरण मात्र मुलखांतच नसली तर पैसा असूनही मिळत नाहीं. अशा वेळीं गाय मिळेल त्या भावानें विकली जाते, पुन्हां घेणें होत नाहीं, आणि पुढल्या हंगामांत सूनही कोयता घेऊन उसाच्या फडावर जाते.

म्हणून धान्याआधीं चारा व पाणी यांची सोय व्हावी, आणि छावणी गांवापासून वृद्धांस चालवेल इतक्याच अंतरावर असावी, असें आमचें मत आहे. देणगी कोणत्या कामीं लावावी हें दात्यांनीं लिहून कळवावें; न कळविल्यास ती प्रथम चाऱ्याकडे खर्च करण्यांत येईल.