गोंगाटातला बारीक हादरा

10 जुलै 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि वाशीम जिल्ह्यातही जमीन हलली. एवढा धक्का यंत्रांना सहज सापडतो. पण 1.5 तीव्रतेच्या हादऱ्यात जमीन त्याच्या हजाराव्या भागाइतकीच हलते. तो वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनमध्ये टिपायचा तर अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या, पिठाची गिरणी, मळणी यंत्र यांच्या थरथरीतून वेगळा काढावा लागेल. दोन्ही कंपनं बरीचशी वारंवारतेच्या एकाच पट्ट्यातली असल्यामुळे नुसत्या चाळणीने ती वेगळी होत नाहीत.

ओळख पटते ती चालीवरून. ट्रकची थरथर हळूहळू चढते आणि उतरते. भूकंपाची आधी वेगवान प्राथमिक लाट येते, मग जोरकस दुय्यम. दोन्हींमध्ये दहा सेकंदांचं अंतर पडलं, तर भूकंपाचं केंद्र साधारण 80 किलोमीटरवर. शिवाय ट्रक एकाच नोंदणी-केंद्राला जाणवतो, भूकंप मात्र सगळ्या नोंदणी-केंद्रांवर अंतराच्या क्रमाने पोहोचतो. म्हणून एकटं यंत्र पुरत नाही, जाळंच लागतं.

अशा नोंदींचं मोल आपल्याकडे नांदेडने अनुभवलं. 2007च्या आसपास शहरात जमिनीतून आवाज येऊ लागले, लोक रात्री घराबाहेर धावले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भर शहरात यंत्रं बसवली. ते आवाज शहराखालच्याच उथळ, लहान भूकंपांचे निघाले. घाबरलेल्या माणसाला एवढं ठामपणे सांगता येणं मला फार मोलाचं वाटतं.

गोंगाट टाळायचा आणखी एक मार्ग म्हणजे खोल जाणं: रहदारीची कंपनं मुख्यतः पृष्ठभागालगत पसरतात, खोलवर विरतात. कोयना-वारणा भागात भूकंपमापक खोल विंधनविवरांत उतरवले ते म्हणूनच. 2020च्या टाळेबंदीत तर जगभर हा गोंगाट निम्म्यापर्यंत घटला आणि एरवी दबणारे हादरे दिसू लागले. 2022मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या नोंदींवर शिकवलेली संगणकप्रणाली वापरून शहराचा आवाज भूकंपलहरींपासून वेगळा केला.

लहान हादऱ्यांवरून मोठ्या भूकंपाची तारीख सांगता येत नाही. 1992मध्ये किल्लारीत असे धक्के बसले होते. तरीही 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेचा तिथला मोठा भूकंप कुणाला आधी सांगता आला नाही. मात्र शेकडो बारीक नोंदी नकाशावर मांडल्या की जमिनीखालचा भ्रंश कुठून जातो, किती खोल आहे, ते उमटतं. बांधकाम किती भक्कम हवं हे त्यावरून ठरवता येतं. हिंगोली-नांदेड-वाशीम पट्ट्यात असं दाट जाळं कायमचं हवं, आणि त्यातलं एखादं यंत्र शिरपूरच्या शिवारात, रस्त्यापासून दूर, उघड्या काळ्या खडकावर बसायला हवं.