चेहरा शेवटी

शिर्डीत तैलरंगात काम करणाऱ्याकडे जो येतो तो बाबांचं चित्र मागायला येतो. आकार वेगळा, ऐपत वेगळी, मागणी एकच. सोबत नमुनाही असतो: मोबाइलमधला, कॅलेंडरवरचा, कधी देवघरातून उतरवून आणलेली जुनी तसबीर. ‘अगदी असंच, फक्त मोठं.’ मागणीत वावगं काही नाही, अडचण माझीच आहे. बाबांची अस्सल छायाचित्रं मोजकी, सगळी काळीपांढरी, बरीचशी पुसट. १५ ऑक्टोबर १९१८ ला, विजयादशमीच्या दिवशी बाबांनी देह ठेवला. त्यानंतर त्यांत भर पडायचा प्रश्नच उरला नाही. आज दुकानादुकानांतून टांगलेल्या तसबिरी, मूर्ती, किल्लीच्या चकत्या या सगळ्या त्याच मोजक्या छायाचित्रांची नातवंडं-पतवंडं. एका छापखान्यातून दुसऱ्यात जाताना डोळे मोठे झाले, दाढी शुभ्र झाली, डोक्यामागं तेजोवलय आलं.

देवाचं चित्र छापून घरोघरी पोचवण्याची वाट राजा रविवर्मा यांच्या छापखान्यानं १८९४ पासून रुळवली. मला त्या परंपरेबद्दल आकस नाही. माझ्या आजोळच्या देवघरात सगळे देव कागदाचेच होते. पण छापील चित्रावरून तैलचित्र करायला बसलं की हात अडतो, कारण त्या चेहऱ्यावरचा प्रकाश कुठून आला आहे ते कळत नाही. नाकाची सावली डावीकडे, दाढीची उजवीकडे. भक्ताला त्यानं काही फरक पडत नाही, पडूही नये. चित्रकाराला मात्र पडतो.

बाबांच्या हयातीत त्यांचं चित्र रंगवणाऱ्यांत मुंबईचे चित्रकार श्यामराव जयकर यांचं नाव पहिल्यांदा येतं. द्वारकामाईत पूजेत असलेलं चित्र त्यांचंच म्हणून ओळखलं जातं. बाळाजी वसंत तालीम यांच्या वाट्याला ते भाग्य नव्हतं. समाधी मंदिरातली मूर्ती त्यांनी घडवली आणि ७ ऑक्टोबर १९५४ ला ती बसली, म्हणजे बाबा जाऊन ३६ वर्षं झाल्यावर. त्यांच्यापुढं छायाचित्रच होतं. तरी तालीम यांची एका गोष्टीतून सुटका होती: शिल्पकाराला रंगाचा प्रश्न पडत नाही. इटलीचा संगमरवर पांढरा, तो पांढराच. मला मात्र पहिल्या फटकाऱ्यापासून ठरवावं लागतं की कपाळ तांबूस की गव्हाळ, कफनीच्या सावलीत निळं किती आणि पिवळं किती. काळंपांढरं छायाचित्र याबाबतीत गप्प असतं.

म्हणून चेहऱ्याला मी शेवटी हात घालतो. आधी कापड.

बाबांची कफनी मांजरपाटाची. मंदिरातल्या मूर्तीच्या अंगावर आज जरीची वस्त्रं आणि मखमली शाली असतात, डोक्यावर मुकुट असतो. गिऱ्हाइकालाही पुष्कळदा तेच हवं असतं. मी बाजारातून मांजरपाट आणतो, दोनदा धुऊन त्याची खळ काढतो आणि स्टुलावर टाकून उत्तरेच्या खिडकीसमोर ठेवतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत शिरत नाही, त्यामुळं सकाळची सावली दुपारी जागा सोडत नाही. नवं मांजरपाट पिवळट असतं आणि घडीवर ताठ उभं राहतं, धुतलेलं लोळतं. हा फरक रंगात आला नाही तर कफनी पुठ्ठ्याची दिसते. या कापडाची स्थिरचित्रं मी पुन्हा पुन्हा केली आहेत. त्यांत माणूस नाही, फूल नाही, नुसतं कापड. ती कुणी विकत घेत नाही. घरात मात्र विचारणा होते, ‘हे धुणं किती दिवस काढणार?’

पण पांढरा रंग शिकावा तो इथंच. ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट जसाच्या तसा लावला तर चित्रात भोक पडल्यासारखं दिसतं. पांढऱ्या कापडाला स्वतःचा असा रंग थोडाच. बाकी सगळा उसना. खिडकीकडच्या अंगाला आकाशाचा निळसर, खाली शहाबादी फरशीचा राखाडी-हिरवट, आणि जवळ दिवा ठेवला तर घडीच्या आतल्या बाजूला नारिंगी. द्वारकामाईत असंच होत असणार: एका अंगाला धुनी, दुसऱ्या अंगाला बाहेरचा उजेड. हे लक्षात आल्यावर कफनी कशी रंगवायची ते ठरलं. धुनीकडची बाजू यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना चाटून गेलेली, उजेडाकडची किंचित अल्ट्रामरीन मिसळलेली. निव्वळ पांढरा फक्त गुडघ्यावर, जिथं कापड ताणलं गेलं आहे तिथं, नखाएवढा.

गुडघ्याचंही एक आहे. शिळेवर बसलेल्या बाबांची ती सर्वपरिचित बैठक, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर आणि डाव्या हाताची बोटं उजव्या पावलावर, हेमाडपंतांनी ‘श्रीसाईसच्चरिता’त बारकाईनं वर्णिली आहे. फेट्याऐवजी डोक्याला गुंडाळलेलं फडकं आणि डाव्या कानामागं त्याला दिलेला पीळ, हेही त्यात आहे. वाचून डोळ्यांसमोर येतं, पण कापड नेमकं कुठं ताणतं आणि कुठं लोंबतं हे माणूस बसवल्याशिवाय समजत नाही. माझ्याकडे बसायला येतात ते जवळच्याच वस्तीवरचे एक सत्तरीतले शेतकरी. दिवसाची मजुरी आणि दोन चहा. ‘बाबा, पाय जरा वर घ्या,’ म्हटलं की घेतात, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा डोळा लागतो. मला ते चालतं. झोपलेल्या माणसाचा हात जसा खरा पडतो तसा जागा माणूस ठेवू शकत नाही. एकदा त्यांच्या सुनेनं येऊन चित्र पाहिलं आणि विचारलं, ‘आमच्या मामांचं तोंड का नाही काढलं?’ मी म्हटलं, तोंड दुसऱ्याचं आहे. तिला ते पटलं नाही. खरं तर मलाही त्या दिवशी पूर्ण पटलं नव्हतं. नंतर मामांचं स्वतःचं व्यक्तिचित्र केलं. या घरात कोरडं व्हायला टांगलेल्या चित्रांत तेच मला सगळ्यात जमलेलं वाटतं.

तैलरंगाला वेळ लागतो तो का, हे गिऱ्हाइकाला समजावणं हा कामाचाच भाग आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि घट्ट होत जातं. त्यातही प्रत्येक रंगाची चाल निराळी. अंबरमध्ये मँगनीज असतं, म्हणून तो एका रात्रीत हाताला लागेनासा होतो. टायटॅनियम व्हाइट आणि कॅडमियमचे रंग दिवसेंदिवस ओले राहतात. म्हणून पहिलं अस्तर मी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरचंच देतो. वर चढत जाल तसं तेल वाढवायचं, हा नियम मोडला की वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर आकसतो आणि भेगा पडतात. पांढऱ्यासाठी जवसापेक्षा करडईचं तेल बरं, ते कमी पिवळं पडतं. आपल्याकडे रब्बीत रानात उभी असते तीच ही करडई. रंगासाठी तिचं शुद्ध केलेलं तेल बाटलीतून चढ्या भावानं येतं, एवढंच.

शिर्डीत स्थिरचित्राला विषय शोधावा लागत नाही, रस्त्यावर मांडलेलाच असतो. हारांच्या दुकानातले गुलाब आणि झेंडू, नारळ, पेढे, हिरवी चादर, पितळी तबक. यांतली खडीसाखर रंगवायला सगळ्यात अवघड: ती पांढरी दिसते पण पांढरी नसते, तबकाचा पिवळा तिच्या पोटातून वर येतो. आधी पितळ रंगवायचं, ते वाळू द्यायचं, मग तेलात पातळ केलेल्या पारदर्शक रंगाचे थर एकावर एक. उदीचं उलटं. ती नुसती राखाडी वाटते, पण कागदावर चिमूटभर टाकून खिडकीत नेली की तिच्यात गुलाबी छटा दिसते. काळ्यात पांढरा घालून केलेला राखाडी मेलेला असतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिळवून केलेला जिवंत.

हिवाळ्यात राहात्याचे पेरू येतात. पेरू मॉडेल म्हणून बेइमान. सोमवारी हिरवे मांडावेत, गुरुवारी ते पिवळे झालेले, आणि पहिल्या दिवशी लावलेला कॅडमियम अजून ओलाच. घरभर वास. पेरू तैलरंगापेक्षा लवकर पिकतो, तेव्हा पेरूचं चित्र एका बैठकीत, ओल्यावर ओलं लावूनच संपवावं लागतं. चित्र झालं की मॉडेल खाता येतं, ही सोय बाबांच्या चित्रात नाही.

निसर्गचित्रासाठी लोक डोंगर-दरी शोधतात. इथं तसलं काही नाही. पर्जन्यछायेचा सपाट पट्टा, काळी जमीन, आणि नांदूर-मधमेश्वरहून आलेला गोदावरीचा कालवा. कॅनव्हासवर क्षितिजाची एक आडवी रेघ ओढली की अर्धी रचना झाली. मग उरलेल्या अर्ध्यात काय करायचं हा खरा प्रश्न. मला तो आवडतो. कोपरगावच्या बेटाकडे किंवा पुणतांब्याला नदीच्या घाटावर गेलं तर पायऱ्या, देवळं, पाणी सगळं आयतं मिळतं, आणि चित्रं आयतीच होतात. कालव्याच्या कडेला तसं नाही. तिथं उसाची नुसती भिंत. तिचा हिरवा ट्यूबमध्ये मिळत नाही: व्हिरिडियन फार थंड पडतो. यलो ऑकरमध्ये अल्ट्रामरीन घालून सुरुवात करावी आणि वाळलेल्या पाचटासाठी सिएना हाताशी ठेवावा. दिवाळीनंतर उसाला तुरा येतो. शेतकऱ्याला तो नको असतो, उतारा घटतो म्हणून. मला हवा असतो, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात त्यावर रुपेरी जांभळा रंग येतो. तो पंधरा-वीस मिनिटं टिकतो. तेवढ्यात पॅलेट नाइफनं जे लागेल ते लागेल, बाकी आठवणीतून. वारा सुटला की ओल्या रंगावर माती बसते. ती मी काढत नाही.

कालव्यावर बसलं की कुणीतरी येऊन उभं राहतंच. एका गृहस्थांनी बराच वेळ पाहून विचारलं, ‘एवढा ऊस काढून काय मिळतं? कारखान्याला घातला तर टनाला भाव तरी येतो.’ उत्तर सुचलं नाही. चित्रकलेत पोट भरण्याचा प्रश्न जुनाच आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जेजेत शिकले, दरबारात चित्रकार झाले, आणि पुढं कोटितीर्थाच्या काठी तिथलंच पाणी, झाडं आणि प्रकाश रंगवत राहिले. त्या काळी यांत्रिक वाटावं इतकं अचूक चित्र काढणारे पुष्कळ होते. आबालाल एका तळ्याला धरून बसले, म्हणून आज त्यांचं नाव निघतं. प्रेरणा म्हणून मी ज्याला ओळखतो ते हेच आहे: एका जागी इतका काळ पाहत राहायचं की ती जागा रंग सांगू लागते. ‘सुचलं’ वगैरे भाषा मला कवींनाच शोभते असं वाटतं.

आता चेहरा. समाधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, आणि रांगेत दोन क्षणांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. मला ही बंदी फळली. प्रत्येक दर्शनाला एकच गोष्ट बघायची असं मी ठरवून टाकलं: आज भुवईचं हाड, पुढल्या वेळी खालचा ओठ दाढीत कुठं बुडतो ते. बाहेर आल्यावर चपला घालायच्या आधी वहीत रेघा ओढायच्या. पोलीसमामा ओळखू लागले आहेत.

डोळ्यांबद्दल हमखास एक फर्माईश असते: ‘कुठूनही पाहिलं तरी बाबा आपल्याकडे बघताहेत असं दिसलं पाहिजे.’ यात विद्या फारशी नाही. बसलेल्यानं थेट कॅमेऱ्यात पाहिलं असेल तर त्या चित्राचे डोळे पाहणाऱ्याचा पाठलाग करतातच, कारण सपाट चित्रात बुबुळाची जागा बाजूनं पाहिली तरी बदलत नाही. खरी मेहनत बुबुळात नसून पापणीच्या सावलीत आहे. छापील तसबिरीत ती सावली पुसलेली असते, म्हणून डोळे वटारल्यासारखे दिसतात. वरच्या पापणीखाली अंबरची एक मऊ कड दिली की नजर खाली उतरते, शांत होते. त्वचेचा रंग मी कुठल्याच तसबिरीवरून घेत नाही. मामांच्या कपाळावरून घेतो. उन्हात सत्तर वर्षं काढलेली इकडची कातडी: ऑकर, लाल, त्यात हिरव्याचा अंश. तेजोवलय मागितलं तर मी नम्रपणे नाही म्हणतो आणि धुनीचा उजेड थोडा वाढवून देतो. बहुतेक जण मानतात. काही दुसरीकडे जातात, तेही ठीक.

एक विनंती करून थांबतो, ज्यांच्या घरी तैलचित्र पूजेत आहे त्यांना. कॅनव्हासला गंध, कुंकू, अष्टगंध लावू नका. ते रंगात मुरतात आणि काढायला गेलं की खालचा रंगही सोबत येतो. उदबत्ती चित्रापासून हातभर लांब ठेवा, हार चित्राला न टेकता चौकटीला लटकवा. नव्या चित्रावर किमान सहा महिने, जाड रंग असेल तर वर्षभर, शेवटचं वार्निश देऊ नका. गंध लावल्याशिवाय मनाचं समाधानच होत नसेल तर ते चौकटीच्या लाकडाला लावा.