दोन मिनिटं मुरू द्या

मायक्रोवेव्ह सुरू झाला की आजी नातवंडाला मागे ओढते, "किरणं बाहेर येतात रे, लांब हो!" घंटी वाजते आणि तीच आजी चहासाठी उकळलेल्या पाण्याचा कप पदराने धरून उचलते. घरोघरी दिसणारं हे दृश्य आहे. आपण दाराला भितो आणि कपाबाबत निर्धास्त असतो. खरा धोका मात्र बहुतेक वेळा कपातच असतो.

या यंत्राचं मूळ युद्धात आहे. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी सूक्ष्मलहरी निर्माण करणारा कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन घडवला, तो रडारसाठी. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचे अभियंते पर्सी स्पेन्सर यांना त्याच लहरींनी अन्न तापतं हे उमगलं आणि त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चा पहिला व्यापारी ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि तीनशे किलोंहून जड होता. ओट्यावर मावणारा ओव्हन १९६७ मध्ये आला.

घरगुती ओव्हनच्या लहरी २४५० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या असतात. दाराच्या जाळीची भोकं त्यापुढे इतकी बारीक, की उजेड बाहेर येतो, लहर अडते. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद पडतो आणि दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही तशी आत लहरही उरत नाही. अन्नातही काही साठत नाही. अमेरिकेने १९७१ पासून गळतीची मर्यादा ठरवली आहे: ओव्हनच्या उभ्या आयुष्यात, ५ सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलीवॉट. दार वाकडं झालं, खटका सैल झाला किंवा कडेची पट्टी फाटली, तर मात्र ओव्हन वापरू नये. दुरुस्तीही घरी करू नये. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार धरून राहू शकतो.

आता कपाकडे वळू. गुळगुळीत कपात पाणी उत्कलनबिंदूच्या वर तापूनही शांत राहू शकतं, कारण बुडबुडा धरायला त्याला खरबरीत जागा मिळत नाही. मग साखर किंवा चहापूड पडताच ते एकदम उसळतं आणि हात, चेहरा भाजतो. म्हणून पाणी गरजेपेक्षा जास्त वेळ तापवू नये, तापवण्यापूर्वी त्यात लाकडी चमचा ठेवावा आणि कप लगेच हलवू नये.

दुसरा धोका नेमका उलटा, न तापलेल्या भागाचा. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, त्याही सगळीकडे सारख्या पोचत नाहीत. फ्रिजमधल्या आमटीची कड उकळत असते आणि मध्य गार असतो. त्या गार भागात जंतू जगतात. शिळं अन्न सगळीकडे निदान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं. बाळाच्या दुधाची बाटली ओव्हनमध्ये तापवूच नये, कारण बाटली कोमट लागते आणि आतला एखादा घोट पोळतो. ती गरम पाण्यात उभी करावी.

बाकीचं थोडक्यात. सोनेरी काठाच्या कपबशीतून ठिणग्या उडतात. मेलामाइनची ताटली स्वतःच तापते. सालीसकट बटाटा, भरताचं वांगं टोचून ठेवावं आणि कवचासकट अंडं ठेवूच नये. शेंगदाणे, सुकं खोबरं आतून करपतं, तेव्हा तिथून हलू नये. आग लागलीच तर दार बंदच ठेवून वीज तोडावी.

वरण गरम करायचं तर अर्ध्यावर थांबवून ढवळा, वर झाकण सैल ठेवा, आणि घंटी वाजल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या. तेवढ्यात कडेची आच मध्यापर्यंत पोचते. भाताचं झाकण घाईने उघडणाऱ्या सुनेला आजी सांगायचीच, "वाफ मुरू दे." नातवंडाला दारापासून ओढणाऱ्या त्या हाताने हेच एकदा घंटीनंतर सांगावं. घर सुरक्षित ठेवायला ते अधिक कामाचं आहे.