सफरचंदाचे ‘बटर’ : बेकरीच्या ओव्हनमधून एक जोडधंदा

फळबाजारात ज्यांची ऊठबस आहे त्यांना ‘डागी माल’ म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. काश्मीर व हिमाचलची सफरचंदे पेट्यांमधून वाशीच्या बाजारात येतात. वाटेत दबलेली, ठेच लागलेली फळे निवडताना बाजूला पडतात आणि दिवस मावळता मावळता मिळेल त्या भावाने विकली जातात. त्यात नुकसान किरकोळ व्यापाऱ्याचे, म्हणजे हातगाडीवाल्याचेच जास्त होते.

दुसरीकडे आमचे बेकरीवाले बांधव आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. नव्या ओव्हनसाठी अनेकांना मोठा खर्च सोसावा लागला. पाव, खारी, नानकटाई निघाल्यावर तोच ओव्हन दिवसाचे काही तास रिकामा राहतो. एकाकडे स्वस्त फळ आहे, दुसऱ्याकडे मोकळा ओव्हन आहे. या दोहोंची सांगड घालणारा एक पदार्थ आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे बटर म्हणजे काय?

आपल्याकडे बटर म्हटले की लोणी, नाही तर चहात बुडवायचे कडक बटर डोळ्यांसमोर येते. ‘ॲपल बटर’मध्ये यातले काहीच नाही. सफरचंदाचा गर मंद आचेवर तासन् तास आटवला की तो तपकिरी, मऊ आणि पावावर लोण्यासारखा पसरणारा होतो, म्हणून हे नाव. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया भागात स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांनी हा पदार्थ तिकडे रुजवला. अंगणात तांब्याची मोठी कढई चढवून लांब दांड्याच्या लाकडी पळीने तो दिवसभर ढवळावा लागे, कारण हात थांबला की तळ लागलाच. ओव्हनमध्ये उष्णता चहूबाजूंनी मिळते, त्यामुळे तळ लागण्याची भीती कमी होते आणि माणूस अडकून पडत नाही.

कृती

चार किलो सफरचंदे स्वच्छ धुऊन, साल व बियांचा गाभा काढून फोडी कराव्यात. अर्धा लिटर पाणी घालून झाकण ठेवावे व फोडी बोटाने दबतील इतक्या मऊ शिजवाव्यात. मग त्या चाळणीतून घासून गर काढावा. त्यात ८०० ग्रॅम साखर, तीन-चार लिंबांचा रस, दोन चमचे दालचिनीची पूड, अर्धा चमचा लवंगेची पूड आणि चिमूटभर जायफळ घालावे. आपल्याकडे मिळणारे डेलिशिअस जातीचे फळ गोड असते, आंबटपणा कमी असतो. म्हणून लिंबाचा रस टाळू नये. चवीबरोबरच टिकाऊपणाही त्यावर अवलंबून आहे.

हे मिश्रण स्टीलच्या पसरट ट्रेमध्ये दीड इंच जाडीचे पसरावे. ॲल्युमिनियमचा ट्रे वापरू नये, आंबट गर त्याला खातो. ओव्हन १३० ते १५० अंश सेल्सिअसवर ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने कडा खरवडून ढवळावे. साधारण साडेतीन-चार तासांत माल निम्म्यावर येतो. गार बशीवर चमचाभर टाकून पाहावे. कडेने पाणी सुटले नाही तर माल तयार झाला असे समजावे. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत तो गरम असतानाच भरावा, झाकणे घट्ट लावावीत आणि बाटल्या पाण्यात बुडवून दहा मिनिटे उकळाव्यात. बाटली एकदा उघडली की ती फ्रीजमध्ये ठेवावी.

परदेशी कृतींमध्ये कधी कधी दारू किंवा आंबवलेले सायडर घालतात. आपल्याला त्याचे कारण नाही, साध्या पाण्यावर काम उत्तम भागते. सफरचंदात मुळातच पेक्टिन असल्याने घट्टपणासाठी जिलेटिनही लागत नाही. त्यामुळे कोणत्याही घरात हा माल निःशंक मनाने जाऊ शकतो.

डागी वेगळे, सडके वेगळे

येथे मात्र व्यापाऱ्याची परीक्षा आहे. ठेच लागलेला भाग कापून उरलेले फळ वापरता येते. परंतु बुरशी धरलेले, आतून सडलेले फळ स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नये. सडक्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचे विष तयार होते आणि ते शिजवल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. सफरचंदाच्या रसात ते किलोला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी कायद्याची मर्यादा आहे. दालचिनी-लवंगेचा वास सडका माल झाकू शकेल, विष झाकू शकणार नाही. असे फळ सरळ फेकून द्यावे.

हिशेब

समजा डागी सफरचंद ६० रुपये किलोने मिळाले, तर चार किलोचे २४० रुपये होतात. साखरेचे ३६, लिंबू-मसाल्याचे ३०, इंधनाचे ४० आणि नऊ बाटल्यांचे १३५ रुपये धरले, तर एकूण ४८१ होतात. सुमारे २५० ग्रॅमच्या नऊ बाटल्या भरल्या तर एक बाटली ५३-५४ रुपयांना पडते. मजुरी, लेबल, फूटतूट व दुकानदाराचे कमिशन त्यावर चढवावे. भाव गावागावांत बदलतात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या बाजाराचे आकडे घालून हा हिशेब नव्याने मांडावा. पहिल्या वेळी एकच ट्रे काढावा, ओळखीच्या गिऱ्हाइकांना पावाबरोबर चाखायला द्यावा आणि मागणी पाहून पुढचे पाऊल टाकावे.

विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घेणे आवश्यक आहे. लेबलवर ‘जॅम’ लिहिण्याची घाई करू नये. जॅमसाठी विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात, आणि वरील कृतीत ते त्याहून कमी भरतात. ‘बटर’ हा शब्दही आपल्या कायद्यात दुधाच्या पदार्थाशी जोडलेला आहे. म्हणून नाव काय छापावे, हे लेबल छापण्याआधीच अन्न अधिकाऱ्याला विचारून घ्यावे. छापलेली लेबले रद्दीत घालण्यापेक्षा एक चक्कर स्वस्त पडते.

या धंद्यात रातोरात श्रीमंती नाही. परंतु जो माल काल कचऱ्याच्या भावाने जात होता आणि जो ओव्हन रिकामा राहत होता, त्यातून एका कुटुंबाला चार पैसे सुटू शकतात. फळवाले आणि बेकरीवाले बांधव बहुधा एकाच मोहल्ल्यात राहतात. दोघांनी एकदा एकत्र बसून आपापला हिशेब जुळवून पाहावा, असे आम्ही सुचवितो.